झाकणाखालची चव

परगावी उतरल्यावर मराठी माणूस पहिली चौकशी कसली करतो? देवळाची नाही आणि बाजाराचीही नाही. 'इथं आपलं जेवण कुठं मिळेल हो?' ही त्याची पहिली चौकशी. काशीला जा, कन्याकुमारीला जा, नाहीतर लंडनला जा, पोळी-भाजी आणि वरण-भात दिसला की आपला जीव भांड्यात पडतो. हल्ली तर सहलीबरोबर आचारीच नेतात. दिवसभर परक्या देशाची शोभा पाहायची आणि रात्री हॉटेलात बसून बटाट्याची भाजी खायची!

मी इतरांना हसते आहे असं समजू नका. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं बंगळुरूला निघालो, तेव्हा माझ्याही पिशवीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि चिवड्याचा डबा होता. मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सून तिकडचीच, कानडी. माहेरचं गाव रामनगरच्या बाजूला, पण वडिलांच्या नोकरीमुळं घर बंगळुरूत. लग्नाच्या गडबडीत व्याह्यांशी धड बोलणंही झालं नव्हतं. या वेळी आठ दिवस राहायचं, व्याह्यांकडं निवांत जाऊन यायचं आणि त्या शहराचं जुनं, अस्सल खाणं चाखायचं असा बेत होता.

ग्रीस देशातल्या जुन्या खाणावळींची एक रीत मला फार आवडते. तिथं गिऱ्हाईक आलं की पदार्थांची यादी हातात देण्याऐवजी त्याला सरळ स्वयंपाकघरात नेत. चुलीवरच्या एकेका पातेल्याचं झाकण काढून दाखवत. वांग्याचं हे, घेवड्याचं ते, मटणाचं पलीकडचं. बोट दाखवायचं आणि जागेवर येऊन बसायचं. भाषा येत नसली तरी अडत नाही. परमुलखात खाण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. पण ती मला कुठं उपयोगी पडणार आहे, हे उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसताना ठाऊक नव्हतं.

उकडलेल्या दाण्यांचं गाव

बंगळुरूच्या नावाची एक गोष्ट तिथल्या प्रत्येकाला पाठ असते. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीला गेला आणि रानात वाट चुकला. भुकेनं व्याकूळ होऊन एका म्हातारीच्या झोपडीशी आला. तिच्याकडं होते ते फक्त उकडलेले दाणे. तेच तिनं दिले आणि राजानं ते आनंदानं खाल्ले. म्हणून ते 'बेंद काळू ऊरू', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचं गाव, आणि त्याचंच पुढं बंगळुरू झालं.

इतिहासाचे जाणकार ही कथा मानत नाहीत. बेगूर इथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात 'बेंगळुरू' हे नाव आधीच आलेलं आहे आणि वीर बल्लाळ त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी झाला. पण कथा खोटी असली तरी त्या गावाच्या स्वभावाला शोभते. या गावात दोन ओळखीची माणसं भेटली की 'कसे आहात' याच्या जोडीनं 'ऊटा आयता?' म्हणजे 'जेवण झालं का?' असं विचारतात. सकाळ असली तर 'तिंडी आयता?' म्हणजे नाश्ता झाला का, ही चौकशी. ज्या गावात अशी विचारपूस होते, तिथं पाहुणा उपाशी राहणं कठीणच.

परंपरा केवढी जुनी?

पहिले तीन दिवस मुलानं आणि सुनेनं आम्हाला हॉटेलं दाखवली. लालबागेजवळचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, हे पहिलं. उडुपीकडच्या मय्या बंधूंनी हे १९२४ मध्ये सुरू केलं. तिथली रवा इडली म्हणजे बंगळुरूची खूण. तूप, चटणी आणि बटाट्याचा सागू यांच्याबरोबर ती येते. मी सुनेला म्हटलं, 'किती जुना पदार्थ असेल गं हा?' ती हसली. म्हणाली, 'आई, आमच्या आजीपेक्षा लहान आहे.'

खरंच तसं आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली. तांदूळच नाही तर इडली कशाची करणार? तेव्हा एमटीआरवाल्यांनी रव्यावर प्रयोग केला. दही घालून रवा भिजवला, वर मोहरी-काजूची फोडणी दिली आणि उकडला. टंचाई संपली, तांदूळ परत आला, पण रवा इडली गेली नाही. पुढं १९७५ च्या आणीबाणीत हॉटेलातल्या पदार्थांच्या किमतींवर बंधनं आली, तेव्हा हीच मंडळी तयार पिठांच्या धंद्यात उतरली. आज आपल्या फडताळात जी झटपट इडलीची पाकिटं असतात, त्यांच्यामागं असा अडचणीचा इतिहास आहे.

गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं. बाहेर जाड आणि कुरकुरीत, आत मऊ असा डोसा. वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून गर्दीतून वाट काढत येतो, तेव्हा आपलाच श्वास अडकतो. पण एकही बशी पडत नाही. उभ्यानं खाण्याच्या 'दर्शिनी' तर त्याहून अलीकडच्या. १९८३ मध्ये जयनगरला कॅफे दर्शिनी सुरू झालं आणि पैसे भरा, कूपन घ्या, उभ्यानं खा आणि कामाला लागा, ही पद्धत गावभर पसरली.

म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणून नमस्कार करतो, ती पुष्कळदा आपल्या आजीच्या वयाचीही नसते. हे इथलंच नाही. ग्रीसचा मुसाका जगभर प्रसिद्ध आहे. वांगी आणि खिमा यांचे थर, त्यावर दूध, मैदा आणि लोणी यांचा पांढरा जाड सॉस. प्रवासी तो प्राचीन ग्रीक पदार्थ समजून खातात. पण तो पांढरा थर निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्यानं १९२० च्या दशकात रूढ केला. फ्रेंच स्वयंपाकाचा थाट आपल्या लोकांच्या ताटात यावा म्हणून! एकानं गरजेपोटी बदल केला, दुसऱ्यानं हौसेपोटी. दोन्हीकडं लोकांनी ते आपलं मानलं.

ओळखीचे चेहरे

चौथ्या दिवशी सुनेबरोबर गांधी बाजारात भाजीला गेले. थंडीचे दिवस, त्यामुळं जिकडंतिकडं 'अवरेकाई'चे ढीग. शेंग हातात घेऊन पाहते तर आपल्या वाला-पावट्याचीच बहीण! इथं या शेंगांचं वेड इतकं की थंडीत त्यांची खास जत्रा भरते, त्यात अवरेकाईचा डोसासुद्धा मिळतो. ओले दाणे पाण्यात भिजवून बोटांनी दाबायचे की साल सुटून दाणा टुणकन बाहेर येतो. त्याला म्हणतात 'हितकिद बेळे', म्हणजे दाबून काढलेली डाळ. आमच्या कोकणात भिजवून मोड आणलेले वाल सोलून बिरडं करतात, तेच हे. दुपारभर दोघी दाणे दाबत बसलो. तिचं मराठी अजून अडखळतं आणि माझं कानडी तर शून्यच. पण वाल सोलायला भाषा लागत नाही.

मग ओळखीचे चेहरे दिसतच गेले. त्यांचा 'दोन्ने' म्हणजे आपला द्रोण. त्यांचं सारू म्हणजे आपलं सार. होळिगे म्हणजे पुरणपोळी. कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर, थेट चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या कैरीच्या डाळीची आठवण करून देणारी.

एका दुपारी आमच्या ह्यांच्या आग्रहावरून मिलिटरी हॉटेलात गेलो. नावावरून फौजेचं वाटेल, पण दक्षिणेत सामिष खाणावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात. बंगळुरूतली यांतली कितीतरी हॉटेलं मराठा कुटुंबांची आहेत. आज जयनगरला असलेलं शिवाजी मिलिटरी हॉटेल १९३५ मध्ये सुरू झालं. पानांच्या द्रोणात वाढलेली, पुदिना-कोथिंबिरीच्या हिरव्या मसाल्याची 'दोन्ने बिर्याणी' ही अशा हॉटेलांची खासियत. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेनं बंगळुरू घेतलं, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि १६८७ पर्यंत भोसल्यांकडं राहिलं. मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर मंदिर व्यंकोजीराजांच्या काळातलं. राजे गेले, पण मराठी कुटुंबं राहिली, कानडी झाली. आम्ही गेलो त्या लहानशा हॉटेलात गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, 'तुमी कुठनं आले? आमी पण मराठीच.' मराठी कानडी वळणाचं, पण चेहऱ्यावर आनंद असा की आम्हीच त्यांच्या गावाहून निरोप घेऊन आलो आहोत!

व्याह्यांकडचं जेवण

सहाव्या दिवशी व्याह्यांकडं जेवायला गेलो. कर्नाटकात व्याह्यांच्या मेजवानीला 'बीगर ऊट' म्हणतात आणि तिचा मोठा मान असतो. विहीणबाईंनी सकाळपासून राबून केलेलं दिसत होतं. पुऱ्या, पनीरची भाजी, मटार पुलाव, गुलाबजाम. सगळं चविष्ट. पण खरं सांगू? हेच जेवण मला पुण्यात, नागपुरात, दिल्लीत, कुठल्याही लग्नात मिळालं असतं. त्या घराची चव मात्र त्यात कुठं लागेना.

जेवणं झाल्यावर पाणी घ्यायला मी आत गेले. मागच्या खोलीत विहीणबाईंच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, ताट घेऊन बसल्या होत्या. मला पाहताच विहीणबाईंनी घाईनं ओट्यावरच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. तेवढ्यात मला आतलं दिसलं. गडद तपकिरी रंगाचे, लाडवाहून मोठे, गुळगुळीत गोळे. रागी मुद्दे! मुद्दे म्हटलं की आपल्याला भाषणातले मुद्दे आठवतात. पण ही नाचणीच्या पिठाची उकड, गोल वळलेली. आपली भाताची मूद आणि त्यांची मुद्दे, ऐकायला तरी बहिणी-बहिणीच वाटतात.

'हे आम्हाला का नाही वाढलंत?' मी विचारलं. विहीणबाई ओशाळल्या. त्या कानडीत काहीतरी बोलल्या आणि सुनेनं खाली मान घालून सांगितलं, 'आई म्हणते, हे शेतकऱ्याचं खाणं. पुण्याच्या पाहुण्यांना कसं द्यायचं?'

मला क्षणभर बोलता येईना. डोळ्यांपुढं माझी आई उभी राहिली. चिपळूणजवळचं आमचं खेडं, पावसाळ्याचे दिवस. घरात भात संपत आलेला, तेव्हा दोन्ही वेळा नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. एकदा मुंबईचे पाहुणे अवचित आले. आईनं भाकऱ्यांची चवड टोपलीखाली झाकली आणि मला मागच्या दारानं शेजारी पिटाळलं, शेरभर तांदूळ उसने आणायला. पाहुणे भात जेवून गेले. आम्ही मुलांनी रात्री टोपलीखालच्या भाकऱ्या खाल्ल्या. 'पाहुण्यांपुढं लाज नको,' एवढंच आई म्हणाली होती. पुढं शहरात आल्यावर मीही नाचणी कधी पाहुण्यांपुढं ठेवली नाही. बाळाला सत्त्व आणि आजाऱ्याला आंबील, एवढ्यापुरतीच ती घरात राहिली.

हे सगळं मी तिथं स्वयंपाकघरात उभ्यानं सांगितलं. सून एकेक वाक्य कानडीत सांगत होती. विहीणबाई ऐकत होत्या. टोपलीची गोष्ट आली तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग एकदम हसल्या आणि म्हणाल्या, 'नीवू रागी तिंतीरा?' तुम्ही रागी खाता?

'खातो म्हणजे काय,' मी म्हटलं, 'त्यावरच वाढलो!'

त्यांनी झाकण काढलं.

चावायचं नाही, गिळायचं

पोट भरलेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी खास मुद्देसाठी गेलो. या वेळी मी पदर खोचून त्यांच्या शेजारीच उभी राहिले. वाटीभर पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी. चमचाभर पीठ थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात घालायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. चवीला मीठ. पाणी खळखळलं की उरलेलं पीठ मधोमध ढिगासारखं टाकायचं आणि ढवळायचं नाही. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यायचं. मग लाकडी दांड्यानं, 'मुद्दे कोलु'नं, घोटायचं. पातेलं दोन्ही पायांत धरून विहीणबाई घोटायला लागल्या तेव्हा कळलं की हा मनगटाचा खेळ आहे. शेवटी हात ओला करून गरमगरम गोळे वळायचे.

सोबत 'बस्सारु'. पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवायची, पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्याचं मसाला घालून सार करायचं आणि उरलेल्या भाजी-डाळीला फोडणी देऊन भाजी. पुरण शिजवून वरच्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही शिकवण सगळीकडच्या चुलींना सारखीच.

जेवायला बसलो आणि मी सवयीनं घास चावायला लागले. आजी टाळी वाजवून हसल्या. 'अगीबारदु, नुंगबेकु!' चावायचं नाही, गिळायचं. लहानसा तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि अलगद गिळायचा. पहिला घास घशात अडकला, दुसरा उतरला. तिसऱ्याला आमच्या ह्यांनी ताट पुढं केलं.

जेवता जेवता व्याह्यांनी एक गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या कनकदासांनी 'रामधान्यचरिते' नावाचं काव्य लिहिलं. त्यात तांदूळ आणि नाचणी यांचं भांडण लागतं, थोर कोण यावरून. तांदूळ नाचणीला हिणवतो. नाचणी म्हणते, तू श्रीमंतांचा, मी गरिबांची आणि दुष्काळातली. शेवटी दोघांना सहा महिने कोंडून ठेवतात. बाहेर काढल्यावर तांदूळ मलूल झालेला असतो आणि नाचणी जशीच्या तशी. श्रीराम तिलाच मान देतात.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नाचणीला सहसा कीड लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते. मुळात ती आली पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून, फार पूर्वी. आज देशात सगळ्यांत जास्त नाचणी कर्नाटकात पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि आता मोठ्या दुकानांतून नाचणीची बिस्किटं चकचकीत वेष्टनात मिळतात. पण ज्या घरांनी ती पिढ्यानपिढ्या राखली, त्या घरांतल्या बायका मात्र पाहुणा आला की पातेल्यावर झाकण ठेवतात.

म्हणून मला सांगावंसं वाटतं, की परगावी गेलात तर हॉटेलात जरूर जा. रवा इडली खा, डोसा खा. पण कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर आधीच सांगून ठेवा, 'तुम्ही रोज जेवता तेच करा.' आणि आपल्याकडं कुणी परगावचं आलं, तर श्रीखंड-पुरीबरोबर आपली भाकरीही ताटात वाढा. पाहुण्याला थाट लक्षात राहत नाही, घर लक्षात राहतं.

निघताना भाजणीची पिशवी अजून तशीच होती. ती विहीणबाईंना दिली आणि थालीपीठ कसं लावायचं ते दाखवलं. त्यांनी मला त्यांच्या घरचा एक जुना मुद्दे कोलु दिला. हातभर लांब, घोटून घोटून काळा झालेला. पिशवीत तो मावेना. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, 'काठी कशाला हो घेतलीत?'

मे महिन्यात विहीणबाई पुण्याला यायच्या आहेत. नाचणीचं पीठ दळून ठेवलं आहे. या वेळी टोपली लागणार नाही.